समोरून शिकलेली गिरकी

धक्का लागला तरी पियानो थांबला नाही. पियानोवाल्या काकांना थोरलीच्या वडिलांनी फार पूर्वी बजावून ठेवलं होतं की नाचताना कुणी पडलं तरी वाजवत राहायचं, पडलेल्याला उठायला सूर लागतो. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, पण काकांना त्यानंतर कुणी वेगळं काही सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे तालीमघराच्या मधोमध भिंगरी खांदा धरून लाकडी जमिनीवर बसली होती, कंपनीत नुकतीच आलेली मुलगी, जिला सगळे अजून ‘नवी’च म्हणत, हनुवटी चोळत उभी होती आणि दोघींच्या डोक्यावरून संथ, देखणं संगीत वाहत होतं.

“काका, पुरे,” थोरली म्हणाली.

संगीत थांबलं. भिंगरी खाली बसल्या बसल्याच हसायला लागली. ती थोरलीच्या भावाची, धाकट्याची मुलगी. कुठेही पडली की आधी हसायची आणि मग कुठे लागलंय ते बघायची.

“कुठल्या बाजूने गेलीस गं?” थोरलीने नवीला विचारलं.

“माझ्या डाव्या. तुम्ही शिकवलंत तशी.”

“आणि मी माझ्या उजव्या,” भिंगरी म्हणाली. “बाबांनी आणि मावशीआजीने इतकं घोटून घेतलंय की झोपेत ढकललंत तरी उजवीकडेच पडेन.”

दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली मावशी, थोरलीच्या आईची बहीण, उठून उभी राहिली होती. “उजवीकडूनच जायचं असतं,” ती म्हणाली. “दोघींनीही. आम्ही दोघी बहिणी जन्मभर तशाच गेलो.”

धाकटा आरशाला टेकून, हाताची घडी घालून उभा होता.

नाचाचं नाव होतं ‘दोन खिडक्या’. थोरलीच्या वडिलांनी तरुणपणी बायकोसाठी आणि मेव्हणीसाठी तो बसवला होता. एका घरात राहणाऱ्या दोन बायका, एकमेकींशी अबोला धरलेल्या. पूर्ण वेळ दोघींनी एकमेकींकडे बघायचं नाही, हा त्यातला नियम. एक मागच्या भिंतीपासून प्रेक्षकांकडे येते, दुसरी प्रेक्षकांकडे पाठ करून मागे जाते, आणि मधोमध दोघी एकमेकींना इतक्या जवळून ओलांडतात की बाहीला बाही लागावी. बघायचं नाही म्हटल्यावर कोण कुठल्या बाजूने जाणार हे आधी पक्कं ठरलेलं असावं लागतं. आईने नाचणं सोडलं तेव्हा वडिलांनी हा नाच मिटवून ठेवला. थोरली वडिलांच्या या नृत्यकंपनीची कलासंचालक झाल्यावर तिच्या पहिल्या हंगामाची सुरुवात याच नाचाने करायची, असं तिनेच ठरवलं. हंगाम परवा सुरू होणार होता आणि आज चार वाजता विश्वस्त तालीम बघायला येणार होते.

हा धक्का खरं तर पहिल्याच दिवशी लागायला हवा होता. पण थोरली आल्यापासून भावाबहिणीचं बोलणं वेळापत्रकापुरतं उरलं होतं. एक बाजू तिने खालच्या दालनात नवीला शिकवली, दुसरी त्याने मावशीला हाताशी घेऊन वरच्या दालनात भिंगरीला. दोघींना आजच पहिल्यांदा समोरासमोर उभं केलं होतं.

थोरलीने डोळे मिटले आणि मांडीवर हात ठेवून पावलं आठवू लागली. या घरात सगळे असंच आठवत, बोटं म्हणजे पाय. तिचा हात डावीकडे गेला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा डावीकडेच.

तिला स्वतःच्या आठवणीची खात्री होती. खात्री ही अशी एक गोष्ट होती, जी तिला आयुष्यात कुणाकडून मागून घ्यावी लागली नव्हती. याच नाचाचा पहिला तुकडा करून ती शाळकरी वयात मोठ्या शहरातल्या बॅले-शाळेत निवडली गेली होती. परीक्षा घेणाऱ्यांपैकी एक बाई शेजारच्याला म्हणाली होती, “ही डावीकडे वळते.” बाकीच्या मुली उजवीकडे गिरक्या घेत, ही डावीकडे. शिक्षकांनी वर्षभर सरळ करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पुढे ती मुख्य नर्तकी झाली तेव्हा लोक तिची डावी गिरकी बघायला तिकीट काढत, नाच बसवणारे तिच्यासाठी अख्खे नाच डावीकडे फिरवून देत. मग एका खेळात उडीवरून उतरताना गुडघा गेला. पाय स्टुलावर ठेवून घरी बसलेली असताना तिने दोन मैत्रिणींना बोलावून घेतलं, टेबल भिंतीला सरकवायला लावलं आणि खुर्चीतून बोटांनी दाखवत पहिला नाच बसवला. तो चालला. नंतरचेही चालले. ज्या रंगमंचांवर ती नाचली होती तिथे आता तिने बसवलेलं दुसरे नाचू लागले, आणि त्याचं दुःख करण्यात तिने फारसा वेळ घालवला नाही. तिला समोर बसून बघायला आवडायचं. नाचण्यापेक्षाही जास्त, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“जेवून घ्या सगळे,” ती उठत म्हणाली. “भिंगरे, खांद्याला बर्फ लाव. आपण वर जाऊ. आईला विचारू.”

“आईला कशाला त्रास?” धाकटा पहिल्यांदाच बोलला.

“ती नाचलीये म्हणून.”

तालीमघराच्या वरच आईचं घर होतं. खालचा पियानो तिला जमिनीतून ऐकू येई. मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही, तेव्हाच तिने ओळखलं की आता सगळी वरात जिन्याने वर येणार. तिने टेबलावर ताटल्या मांडायला घेतल्या.

सकाळपासून तिच्या मनावर एक ओझं होतं. धाकटा चहा प्यायला आला होता आणि कप तसाच ठेवून म्हणाला होता, “आई, मी जातोय. समुद्राकाठच्या त्या कंपनीत तालीमप्रमुख म्हणून बोलावलंय. हंगामाचा पहिला खेळ झाला की निघेन. ताईला आज संध्याकाळी सांगतो, तू आधी बोलू नकोस.” तिने फक्त विचारलं होतं, बायकोशी बोललास का. बोललो, म्हणाला. म्हणजे ठरलंच होतं. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात कंपनी त्याने चालवली, आणि विश्वस्तांनी खुर्ची दिली बाहेरून आलेल्या थोरलीला. त्यावर तो एक अक्षर बोलला नव्हता. न बोलण्याची ही सवय त्याने कुणाकडून उचलली, ते आईला चांगलं माहीत होतं.

आता सगळे टेबलाभोवती बसले. भिंगरी खांद्यावर बर्फाची पिशवी धरून, मावशी ताठ, धाकटा खिडकीकडे तोंड करून, थोरली अगदी समोर.

“हे बघ आई,” थोरलीने मिठाची बाटली उचलली. “ही तू. हा ग्लास म्हणजे मावशी.”

“मी ग्लास का?” मावशी म्हणाली.

“बरं, तू मिठाची बाटली.”

“असू दे. ग्लास बरा.”

“तू मागून पुढे येतेस.” थोरलीने बाटली सरकवली. “मावशी पुढून मागे. ओलांडताना तू स्वतःच्या डाव्या बाजूने गेलीस की उजव्या?”

आईने बाटलीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. “गार होईल, आधी नीट खा,” ती म्हणाली.

“आई.”

“तिला काय विचारतेस?” मावशी म्हणाली. “मी बसलेय ना इथे. मी तो नाच तिच्याइतकाच नाचले. तिने सोडल्यावर खालच्या शाळेतल्या मुलींना त्यातली पावलं मीच शिकवत आले. तू इथे येऊन दोन महिने झाले थोरले, एकदा तरी मला विचारलंस? नवीला शिकवायला बसलीस तेव्हा म्हटलंस, मावशी, जरा येऊन बघ?”

“मला येत होतं म्हणून नाही विचारलं.”

“तेच म्हणतेय मी.”

“मला आत्याचं आवडलं,” भिंगरी मधेच म्हणाली. “खरं सांगू का, नवी वळताना मी आरशात चोरून बघितलं. बघायचं नसतं, तरी बघितलं. त्या बाजूने वेगळंच दिसतं. सगळेच नाच उजवीकडून जातात, हा एक डावीकडून गेला तर काय बिघडलं?”

“तुला कुणी विचारलं?” धाकटा म्हणाला.

“धक्का मला लागलाय. बोलायचा हक्क आहे मला.”

“आवडण्याचा प्रश्न नाहीये. आजोबांनी काय बसवलं, हा प्रश्न आहे.” त्याने खुर्ची वळवली. “मी लहानपणी रोज तालमीला असायचो. बाबा पावलं दाखवायचे तेव्हा मी त्यांच्या मागे, सदरा धरून उभा. ते वळले की मी वळायचो. ते उजवीकडे वळायचे. यात मत बित काही नाही.”

“आणि मी कुठे होते?” थोरली म्हणाली. “मीही रोजच होते.”

“होतीस. समोर होतीस. खुर्चीत.”

एवढं बोलून तो स्वतःच थबकला. थोरलीने हातातली मिठाची बाटली हळूच टेबलावर ठेवली.

आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही मुलगी लहानपणापासून अशीच. काही कळलं की आधी गप्प व्हायची, मग ते पूर्ण समजून घेतल्याशिवाय हलायची नाही. पावलं घोटताना आई आणि मावशी दोघीही प्रेक्षकांच्या बाजूला तोंड करून उभ्या राहत. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ही बसलेली, पाय जमिनीला पोचत नसलेले. मग एक दिवस खुर्चीतून उतरली आणि आईच्या समोरासमोर उभी राहून तिचं बघून नाचायला लागली. आई उजवीकडे गेली की ती डावीकडे. आरशातली पोर जशी.

“मी आरशातलं शिकले,” थोरली सावकाश म्हणाली. “आई, मी अख्खा नाच उलटा शिकले.”

“हो,” आई म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“मला होतं, बाबांनाही होतं. ते दुरुस्त करायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या.”

“का?”

“घरात नाचणारे भरपूर होते. समोर बसून बघणारी तू एकटीच होतीस. तुला धरून आमच्याकडे पाठ करून उभं केलं असतं, तर तूही नाचणाऱ्यांत जमा झाली असतीस. बघणारं कुणी उरलं नसतं.” आईने तिची ताटली जवळ सरकवली. “खा.”

भिंगरीला हसू आवरेना. “म्हणजे आत्याची ती प्रसिद्ध डावी गिरकी—”

“चूक आहे,” थोरली म्हणाली. “चुकीवर तिकिटं विकली मी.” आणि तीही हसली. तिचं हसणं मोकळं होतं. मावशीला वाटलं होतं ही चिडेल, निदान लाजेल तरी. थोरली घास घेऊन नीट चावून खाऊ लागली.

तिच्या त्या शांतपणानेच धाकट्याचा तोल गेला.

“छान आहे,” तो म्हणाला. “ती समोरून शिकली म्हणून तिला दृष्टी आली. मी पाठीमागून शिकलो म्हणून मागेच राहिलो. तिची चूकसुद्धा गुण झाली, आणि माझं बरोबर असून माझ्या वाट्याला काय? वेळापत्रक. ताई, मी जातोय. संध्याकाळी सांगणार होतो, आता सांगतो. समुद्राकाठच्या कंपनीत. पहिला खेळ झाला की.”

मावशीने पाण्याचा ग्लास जरा जोरातच ठेवला.

“असं का? म्हणजे तुझी बाजू इथे मी लढवायची, आणि तू गाडीत बसून निघून जायचं?”

“मावशी, तुझा काय संबंध?”

“माझा नाही तर कुणाचा? मी इतका वेळ कुणासाठी भांडतेय? तू गेलास तर हिला उजवं-डावं कोण सांगणार, मी? माझ्या गुडघ्यांकडे बघ जरा.”

“बाबा, मी येणार नाहीये हां तिकडे,” भिंगरी म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते.”

“तुला कुणी बोलावलं नाहीये.”

“तरी सांगून ठेवते.”

थोरली भावाकडे बघत होती. तिने ताटली बाजूला केली.

“तू गेलास तर मला हा नाच बसवता येणार नाही,” ती म्हणाली. “हाच नाही, बाबांचा एकही नाच येणार नाही. मी सगळे असेच शिकलेय, समोरून. ते सरळ कुणाला येतात तर तुला.”

“विनवणी करतेयस?”

“नाही. विनवणी मला जमत नाही, तुला माहीत आहे. जे आहे ते सांगतेय.”

“आणि चार वाजता काय सांगणार? विश्वस्तांसमोर?”

“हेच.”

“वेडी आहेस का? दोन महिने झालेत तुला येऊन. कलासंचालकाने नाच उलटा शिकवला, हे त्यांना सांगणार?”

“मग काय सांगू? नवीचे पाय दोन तासांत उजवीकडे वळणार नाहीत. जबरदस्ती केली तर परवा दोघींपैकी एकीचा घोटा जाईल. आज ते पूर्ण नाच बघणार नाहीत, तालीम बघतील. आणि ती तालीम तू घेशील.” ती उठली. “जायचं असेल तर जा धाकट्या, मी अडवणार नाही. पण परवापर्यंत तू माझ्याकडे कामाला आहेस.”

ती खाली गेली. आईने तिची अर्धी राहिलेली ताटली उचलली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, “सदरा बदल. घामेजलाय.”

विश्वस्त वेळेवर आले. तिघे होते, पण बोलायच्या फक्त अध्यक्षीणबाई. बाकीचे दोघे त्यांच्या बोलण्याला मान डोलवत. धाकट्याने त्यांच्यासाठी आरशासमोर खुर्च्या मांडल्या होत्या. याच बाईंनी दोन महिन्यांपूर्वी त्याला समोर बसवून अत्यंत प्रेमाने सांगितलं होतं, “तुम्ही जुनं राखता फार छान. आम्हाला घडवणारं कुणीतरी हवंय.” तेव्हापासून हे वाक्य त्याच्या घशात अडकून होतं. आज तो नवा सदरा घालून, भिंतीला लावलेल्या सरावाच्या दांड्याजवळ उभ्या असलेल्या कंपनीतल्या मुलींच्या बाजूला, नेहमीच्या आपल्या जागी उभा राहिला.

थोरली पुढे आली. हातात कागद नव्हता.

“आज पूर्ण नाच होणार नाही,” ती म्हणाली. “सकाळी दोघी एकमेकींवर आदळल्या. चूक माझी होती. लहानपणी मी हा नाच माझ्या आईच्या समोर उभं राहून शिकले, त्यामुळे माझ्याकडे तो आरशातल्यासारखा आहे, आणि मी तो तसाच पुढे शिकवला.”

अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. “आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

“जेवताना.”

मान डोलवणाऱ्या दोघांपैकी एकाला हसू आलं. त्याने खोकून ते झाकलं.

“मग परवाचं काय?” बाईंनी विचारलं.

“परवा नाच होईल, आणि वडिलांनी बसवला तसाच होईल. तो कसा आहे ते माझ्या भावाला माहीत आहे. परवाच्या कार्यक्रमपत्रकावर नाच बसवणारा म्हणून त्याचं नाव असेल, माझं नाही. तुम्ही दोन महिन्यांपूर्वी त्याला म्हणाला होतात की तो राखतो. खरं आहे. त्याने राखलं नसतं तर आज मी काय घडवत बसले असते, मला माहीत नाही. म्हणून म्हटलं, तो राखतो म्हणजे काय करतो, ते तुम्हीही एकदा बघा.”

धाकट्याला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. बाईंचं ते वाक्य त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग हिला कसं कळलं? बाईंनी ते तिलाही ऐकवलं असणार; आणि ते त्याला कुठे लागलंय हे त्याने सांगायची गरजच नव्हती. ती त्याच्याकडे बघत आली होती.

“चल,” ती त्याला म्हणाली आणि जाऊन विश्वस्तांच्या शेजारी खुर्चीत बसली.

त्याने नवीला बोलावलं. “समोर नको, माझ्या मागे उभी राहा. माझ्या पाठीकडे बघ. मी जिकडे, तिकडे तू. काका, सुरुवातीपासून, सावकाश.”

पहिल्या वळणावर नवी डावीकडे गेली. दुसऱ्या वेळीही. “डोकं ऐकतंय सर,” ती रडवेली होऊन म्हणाली, “पाय ऐकत नाहीत.”

“डोक्याला कशाला मधे घेतेस? माझा सदरा धर.”

“अं?”

“सदरा धर मागून. लाजू नकोस, मीही असाच शिकलो.”

दांड्याजवळ खसखस पिकली. पण नवीने सदरा धरला, आणि तो वळला तशी वळली. उजवीकडे. परत. मग सदरा सोडून. मग भिंगरीला पुढच्या बाजूने सोडलं. दोघी न बघता एकमेकींकडे निघाल्या, मधोमध आल्या आणि एकमेकींना ओलांडून गेल्या. दाराशी मावशीने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

“थांब,” थोरली खुर्चीतून म्हणाली. “भिंगरी लवकर वळतेय. तिने किंचित थांबायला हवं. इथून दोघी एकमेकींना टाळतायत असं वाटतं. टाळायचं नाहीये, आठवायचं आहे.”

“बाबांनी तिथे थांबा दिलेला नाही,” धाकटा म्हणाला.

“दिलेला असेल. तुला मागून दिसला नसेल. ये, इथून बघ.”

“मला इथूनही कळतंय.”

“नाही कळत. ये.”

तो गेला. ती उठली आणि तो तिच्या खुर्चीत बसला. या नाचाकडे समोरून बघायची त्याची ही पहिलीच वेळ. मुलींनी पुन्हा केलं, या वेळी भिंगरी जराशी थांबून वळली. त्या थांबण्यात मागे जाणारीची पाठ एकदम म्हातारी दिसली, पुढे येणारीचा चेहरा मात्र काहीच सांगत नव्हता. इतकी वर्षं वडिलांच्या पाठीमागून बघितलेला नाच होता हा. त्याला वाटलं, आपण घरात राहिलो खरे, पण रस्त्यावरून घर कधी पाहिलंच नाही.

“बरं,” तो म्हणाला. “थांबा ठेवू.”

अध्यक्षीणबाईंनी चष्मा पुन्हा लावला होता. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मला वाटतं, आम्ही एकाच माणसाला बोलावलं हे चुकलं.” त्यावर दोघांपैकी कुणी मान डोलवली नाही, कारण बाई कुणाला उद्देशून बोलल्या ते त्यांना नीट कळलं नाही.

विश्वस्त गेले. मुली दांड्याजवळ पाणी पीत होत्या. थोरली बूट काढून गुडघा चोळत बसली होती.

“ऊठ,” धाकटा म्हणाला.

“कशाला?”

“मी नसेन तेव्हा हे कुणाला तरी सरळ यायला हवं. निदान पहिला तुकडा. ये, माझ्या मागे उभी राहा.”

“माझा गुडघा—”

“उडी नाही यात. नुसतं चालायचंय आणि वळायचंय. ये ताई.”

सगळ्यांचं पाणी प्यायचं थांबलं. आपली कलासंचालक अनवाणी मधोमध जाऊन धाकट्या भावाच्या पाठीमागे उभी राहताना मुलींनी पाहिली. तिची मान मात्र रंगमंचावर असावी तशी ताठ होती. पियानो सुरू झाला. त्याने चार पावलं टाकली, तिने टाकली. तो उजवीकडे वळला.

ती डावीकडे वळली. सुरेख, सफाईदार गिरकी होती ती. एखादीने श्वास रोखावा अशी.

त्याने मागे वळून बघितलं नाही. जमिनीवर तिच्या पावलाचा आवाज कुठून आला एवढ्यावरूनच म्हणाला, “उलटी.”

पुन्हा सुरुवात. पुन्हा डावीकडे.

“उलटी.”

पुन्हा. या वेळी ती उजवीकडे निघाली, मधेच अडखळली आणि सवयीने डावीकडे घरंगळली. भिंगरीने तोंडावर हात घेतला. थोरलीने एका हाताने भावाचा नवा सदरा मागून घट्ट पकडला.

“कधी निघतोयस?” तिने त्याच्या पाठीला विचारलं.

“तुझी गिरकी सरळ झाली की.”

“मग तू इथेच म्हातारा होशील.”

धाकट्याने खांदे सैल केले आणि पियानोकडे बघून मान हलवली.

“काका,” तो म्हणाला, “सुरुवातीपासून.”